अंगणांतील मनोरा आणि जमीन

माझ्या नातवाला हौशी रेडिओचा नाद आहे. गेल्या वर्षीं त्यानें पुण्यांतील आमच्या अंगणांत एरिअलसाठीं लोखंडी मनोरा उभारला, पायथ्याशीं तांब्याची सळई ठोकली आणि म्हणाला, "आजोबा, मनोरा जमिनीला जोडला, आतां भीति नाहीं." मीं त्याची पाठ थोपटली.

वैशाखांत वळीव आला. वीज मनोऱ्यावर पडली. मनोरा शाबूत राहिला. खोलींतला संच मात्र जळून गेला. मुलगा नुकताच जेवावयास उठला होता, एवढेंच आमचें दैव.

चूक कोठें झाली? ओहमचा नियम मीं जन्मभर शिकविला, पण घरीं विसरलों. विजेचा प्रवाह सुमारें ३०,००० अँपिअर, सळईचा रोध १० ओहम धरला, तर दाब होतो ३ लाख व्होल्ट! त्या क्षणीं मनोऱ्याची जमीन एवढ्या दाबावर चढली. घराचें अर्थिंग दूरच्या कोपऱ्यांत खालींच राहिलें. दोहोंमधील पूल एकच, तो संच. पुरांत एकत्र बांधलेल्या होड्या एकदमच वर चढतात. एखादी काठाच्या खुंटाला आवळलेली असली, तर दोर तुटतो. तसेंच हें झालें.

१७५३ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें रिचमन हे शास्त्रज्ञ जमिनीशीं न जोडलेल्या सळईजवळ उभे असतां विजेनें मरण पावले. जमिनीशीं जोडणें अवश्यच. पण तेवढ्यानें भागत नाहीं.

म्हणून ८ फुटी सळया दोन-तीन ठोकाव्या. त्यांमधील अंतर निदान एका सळईएवढें असावें, नाहीं तर त्या एकाच मातीवर भार टाकतात. सांधा डाकाचा नको, तो वितळतो. पक्की पकड असावी. तार सरळ न्यावी, काटकोनांत वळवूं नये. कातळ लागल्यास सळई कापूं नये. चर खणून तांब्याची पट्टी आडवी पुरावी. आणि मुख्य गोष्ट ही कीं, या सर्व सळया जाड तारेनें घराच्या अर्थिंगला जोडाव्या, आणि केबलचें धातूचें आवरणही घरांत शिरण्यापूर्वींच त्यांस जोडावें. मीटरजवळचें काम परवानाधारक वायरमनकडूनच करवावें. एवढें करूनही आभाळ भरून येण्यापूर्वींच केबल संचापासून सोडवून घराबाहेर ठेवावी.

यंदा आम्हीं आजानातवांनीं मिळून चर खणला. हाताला फोड आले. पण विसरलेला धडा पुन्हां पाठ झाला.