मुलांनी अनुवंशशास्त्र का शिकावे?
(पनवेल परिसरातील शेतकरी पालकांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागातील 95 गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. ज्यांची भातखाचरे गेली, त्यांच्या घरातील मुले आज बारावी विज्ञान होत आहेत. "जमीनच उरली नाही, मग अनुवंशशास्त्र शिकून काय करायचे?" असा प्रश्न पालक विचारतात. त्याचे उत्तर आपल्याच खारेपाटात आहे.

उधाणाचे पाणी बांध फोडून आत आले तरी तग धरणारा भुरा राता आपल्या वाडवडिलांनी जपला. तो उंच वाढतो व लोळतो. उलट 1966 साली आलेला आयआर-8 बुटका व भरघोस पिकणारा, पण खारीत टिकाव न धरणारा. भुरा राता 4-10 आणि आयआर-8 यांच्या संकरातून कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-1 हा वाण दिला.

हे काम कसे चालते ते पहा. भाताच्या प्रत्येक फुलात 6 पुंकेसर असतात. फूल उमलण्यापूर्वीच ते काढून टाकतात, दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर टाकतात आणि लोंबीला पिशवी बांधतात. पहिल्या पिढीची रोपे एकसारखी दिसतात. दुसऱ्या पिढीत मात्र गुण वेगळे होतात. मेंडेलने 1866 साली वाटाण्यावर हेच दाखविले: उंच व बुटक्याच्या संकरात दुसऱ्या पिढीत सुमारे 3 उंच व 1 बुटके. म्हणूनच संकरित भाताचे घरचे बी पुन्हा पेरू नये. वाण स्थिर होण्यास निवडीच्या अनेक पिढ्या लागतात. हा हिशेब, हा धीर विद्यार्थ्याला शिकावा लागतो.

शिक्षणाच्या वाटा दोन आहेत. कृषी पदवी चार वर्षांची असते. तीत अनुवंशशास्त्र व वनस्पती प्रजनन हे विषय असतात आणि शेवटच्या वर्षी गावात राहून कार्यानुभव घ्यावा लागतो. सखोल अभ्यास पुढे पदव्युत्तर शिक्षणात होतो. दुसरी वाट जैवतंत्रज्ञानाच्या पदवीची. बेलापूरलाही तिची सोय आहे. खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात माणसाच्या जनुकांचा अभ्यास होतो, तर खाडीपलीकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने टीएजी-24 हा भुईमूग दिला.

प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी पहाव्यात:
1) प्रयोगशाळा व प्रक्षेत्र प्रत्यक्ष पहावे. नुसत्या माहितीपत्रकावर विसंबू नये.
2) मुलाला गणिताची, विशेषतः संख्याशास्त्राची आवड आहे का ते तपासावे.
3) पदवीनंतर बहुधा पुढे शिकावे लागते. त्या खर्चाची तजवीज आधीच करावी.

बंधूंनो, जमिनीच्या मोबदल्याचा पैसा गाडी-बंगल्यात संपतो. तोच मुला-मुलींच्या शिक्षणात घातला, तर भुरा रात्यासारखे बी जपणारे हात पुढच्या पिढीतही राहतील. घरात जुन्या वाणाचे बियाणे असेल तर ते टाकू नका. नाव लिहून जवळच्या संशोधन केंद्राकडे द्या.