आपल्या मांडवातली हाऊजी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



भाषणाचा विषय ‘हाऊजी’ असा फळ्यावर लिहिलेला पाहून काहींच्या कपाळाला आठी पडली, ते आम्ही पाहिलं. काल याच जागी ज्ञानेश्वरीवर निरूपण झालं आणि आज हे! पण यंदा कार्यकारिणीपुढे एक प्रस्ताव आहे, तो बहुतेकांच्या कानावर आला असेल. हाऊजीचे आकडे यापुढे मोबाईलच्या अ‍ॅपवरून, इंग्रजीत पुकारावेत असं त्यात म्हटलं आहे. त्यावर हात वर करण्याआधी हा खेळ आला कुठून, आणि आल्यावर आपण त्याचं काय केलं, हे एकदा सांगावं म्हणून आम्ही जुन्या चार-पाच जणांनी ही वेळ मागून घेतली. मजकूर सगळ्यांनी बसून लिहिला आहे, वाचतो आहे एक जण. चुका वाटून घेऊ.

आपल्यातल्या पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना हाऊजी हा शब्द ‘हौस’वरून आला असं वाटायचं. त्या ‘हौशी’च म्हणायच्या. तसं काही नाही. हा खेळ मूळचा इटलीचा. तिथे त्याला तोंबोला म्हणतात, आपल्याकडे काही ठिकाणी म्हणतात तो तंबोला हाच. नेपल्सच्या बाजूला नाताळात सगळं घर एकत्र बसून तो खेळतं. आकडे 1 ते 90, तिकिटावर तीन ओळी आणि पंधरा आकडे, हे सगळं तिथलंच. नेपल्सच्या लोकांनी प्रत्येक आकड्याला एक अर्थ लावून ठेवला आहे. 25 म्हणजे नाताळ, 33 म्हणजे येशूचं वय, 22 म्हणजे वेडा, 90 म्हणजे भीती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

इंग्रजांनी तो उचलला. त्यांच्या आरमारात तो ‘तंबोला’ झाला आणि पायदळात ‘हाऊस’ किंवा ‘हाऊसी-हाऊसी’. सैन्यात पैशांवर खेळायला सक्त मनाई असे, फाशांचे आणि पत्त्यांचे डाव पकडले की शिक्षा व्हायची. त्यातून एकट्या हाऊसला सूट होती. त्यामुळे पहिल्या महायुद्धाच्या खंदकांपासून हिंदुस्थानातल्या बराकींपर्यंत गोरा शिपाई जिथे गेला तिथे हा खेळ गेला. मायदेशी तो पबात आणि कामगारांच्या क्लबात, बिअरचा ग्लास बाजूला ठेवून चालायचा. पुढे 1960 च्या कायद्याने तिथले जुगाराचे नियम सैल झाले आणि ओस पडत चाललेल्या सिनेमा थिएटरांत बिंगोचे हॉल उघडले. बिंगो हे अमेरिकेतलं नाव. अमेरिकेत मात्र आकडे पंच्याहत्तरच.

शिपायांचे पुकारेही शिपायांसारखेच होते. एक म्हणजे ‘केलीचा डोळा’. अकरा म्हणजे ‘पाय’. नऊ म्हणजे ‘डॉक्टरचा हुकूम’, कारण लष्करी डॉक्टर कुठल्याही तक्रारीवर नऊ नंबरची गोळी द्यायचे आणि ती जुलाबाची असायची. अठ्ठ्याऐंशी म्हणजे ‘दोन जाड्या बायका’. हा पुकारा आमच्या वेळी एका पाहुण्याने या मांडवात करून पाहिला होता. पुढच्या रांगेतून जे उत्तर आलं त्यानंतर त्याने परत केला नाही.

आता आदिलाबादला हा खेळ कसा आला? नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला नागपूरजवळ कामठीची छावणी, 1821 ची. दक्षिणेला सिकंदराबादची, 1806 ची. दोन मोठ्या लष्करी छावण्या, आणि नागपूर-हैदराबाद रस्त्यावर दोन्हींच्या मध्ये आपलं गाव. इंग्रज गेले, छावण्या राहिल्या, आणि छावण्यांच्या मेसमध्ये रविवारचा तंबोला राहिला. आपल्यातल्या एका घरचे जावई कामठीला लष्करात कारकून होते. ते गणपतीला सासुरवाडीला आले आणि रिकामी संध्याकाळ पाहून त्यांनी पुठ्ठ्याचे नव्वद तुकडे कापले, एका पितळी तांब्यात घातले आणि खेळ सुरू केला. आम्ही तेव्हा हाफ पँटमध्ये होतो. ज्या तांब्यातून सकाळी पूजेचं पाणी दिलं होतं त्यातून संध्याकाळी आकडे निघत होते, एवढं स्वच्छ आठवतं.

तिकिटं विकत मिळत नव्हती. एक गृहस्थ पोस्टातून कार्बन पेपर आणायचे आणि रात्री जागून हाताने तिकिटं लिहायचे. त्यात हिशोब असतो. पहिल्या उभ्या रकान्यात 1 ते 9, दुसऱ्यात 10 ते 19, असं करत शेवटच्यात 80 ते 90. प्रत्येक आडव्या ओळीत पाचच आकडे. आणि सहा तिकिटांचा संच नीट मांडला तर नव्वदही आकडे बरोबर एकेकदा येतात. त्यांचा संच कधी चुकायचा आणि एकाच तिकिटावर सत्तेचाळीस दोनदा पडायचा. ज्याला ते तिकीट मिळे तो आधी नशीबवान आणि मग भांडखोर ठरे.

तिकीट खोडायचं नाही, परत वापरायचं, म्हणून आकड्यावर चिंचोका ठेवायचा. आणि मांडवातला पंखा! चार चिंचोके सरकले की कोणाचा कुठला आकडा आला होता यावर पंचायत बसायची. पावसाने लाइट गेले तर सगळे तळहाताने तिकीट झाकून अंधारात गप्प बसून राहायचे. आरतीच्या वेळी एवढी शांतता आम्ही कधी पाहिली नाही.

पैशांचा प्रश्न लवकरच आला. सुरुवातीला तिकिटाला चार आणे, जमलेल्या पैशांतून बक्षिसं. पुढे रुपया झाला, मग पाच, आणि एका वर्षी फुल हाऊसची रक्कम एवढी वाढली की बाजाराच्या दिवशी येणारे, ज्यांना आपण ओळखतही नव्हतो असे लोक मांडवात येऊन दहा-दहा तिकिटं घेऊन बसले. बक्षिसावरून दोघांची गचांडी धरण्यापर्यंत गेलं, तेही मूर्तीसमोर. त्या रात्रीच्या बैठकीत मंडळातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या काकांनी विचारलं होतं, “लोकमान्यांनी 1893 साली हा उत्सव चव्हाट्यावर आणला, तो याच्यासाठी का रे?” कोणाकडे उत्तर नव्हतं. शिवाय आंध्राचा 1974 चा जुगारविरोधी कायदा होताच, आणि तो अजूनही तेलंगणात लागू आहे. दुसऱ्या दिवसापासून पैसे बंद झाले. तिकीट फुकट, घरटी दोन, आणि ते आरतीला हजर असणाऱ्यालाच. बक्षीस म्हणजे स्टीलचा डबा, चहाची गाळणी, जास्तीत जास्त कुकर. खेळणारे निम्म्यावर आले. दोन वर्षांत परत भरले, पण या वेळी सगळे आपलेच होते.

विलायतेत एक ओळ, दोन ओळी आणि पूर्ण घर एवढंच असतं. आपल्याकडे बायकांच्या भिशीने त्यात जल्दी पाच घातलं, चार कोपरे घातले, नाश्ता-जेवण-रात्रीचं जेवण असे रकाने वाटले. कुकर एकच असतो, डबे पुष्कळ असतात, आणि रिकाम्या हाताने कोणी जाऊ नये हा त्यामागचा विचार. आम्हाला तो आवडतो.

पुकारे तर आपण पूर्णच बदलले. नेपल्सच्या लोकांनी केलं तेच, न ठरवता. पाच पांडव. बारा ज्योतिर्लिंगं. एकवीस दूर्वा. सत्तावीस नक्षत्रं. अठ्ठावीस म्हटलं की विठोबाची युगं. छत्तीस आला की एखाद्या जोडप्याकडे बघून सगळे हसणार. चौऱ्याऐंशी लक्ष योनी. त्यात गावचे पुकारे मिसळले. चव्वेचाळीस म्हणजे ‘हायवे’, पूर्वी तो सात नंबरचा होता तेव्हा सातला हायवे म्हणायचे. अठ्ठेचाळीस म्हणजे ‘पोलीस अ‍ॅक्शन’.

आणि छपन्न. बाहेरून आलेला पाहुणा म्हणतो, छपन्न भोग. आपल्याकडे छपन्नला पुकारणारा काहीच म्हणत नाही, नुसता आकडा सांगतो, आणि मागच्या खुर्च्यांवरून कोणीतरी म्हणतं, “किनवट!” लहान मुलांना हे कळत नाही, म्हणून सांगतो. 1 नोव्हेंबर 1956 ला निजामाच्या राज्यातून बनलेलं हैदराबाद राज्य मोडलं. आपल्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेलं. नांदेडकडचं मुधोळ, भैंसा, कुबेर इकडे आलं. आपण आंध्रात राहिलो. कोणी घर बदललं नव्हतं. पण सख्खा भाऊ किनवटला तो महाराष्ट्रात आणि आपण इथे, असं झालं. पैनगंगा आधीही तिथेच वाहत होती. फक्त भावाच्या पोरांची शाळा, दाखला, नोकरी वेगळी झाली. एक काकू, आता नाहीत, छपन्न आला की चिंचोका ठेवायच्याच नाहीत. एकदा त्यांचं फुल हाऊस त्यापायी गेलं.

आता त्या प्रस्तावाकडे येतो.

आपल्या घरातली बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, काही तेलुगू. जिल्ह्यात मराठी शाळा आहेत, जैनथ-बेला भागात आहेत, पण आपल्यापैकी किती जणांनी मुलं तिथे घातली ते आपल्यालाच माहीत आहे. आम्ही स्वतः घातली नाहीत, हे आधीच कबूल करतो. मुलं घरी मराठी बोलतात. ‘भूक लागली’ मराठीत, ‘झोप आली’ मराठीत. पण आकडा आला की सिक्स्टी नाइन. एकोणसत्तर म्हटलं की बघत राहतात.

त्यांचंही खोटं नाही. तेलुगूत साठ म्हणजे अरवै, नऊ म्हणजे तोम्मिदि, एकोणसत्तर म्हणजे अरवै तोम्मिदि. जसं दिसतं तसं. आपलं उलटं. आधी एकक, मग दशक, त्यातही नऊ आला की पुढच्या दशकातून एक वजा. सत्तरला एक कमी. 2019 साली महाराष्ट्रात बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसला ‘वीस सात’ असंही म्हणायला सुरुवात केली, तेव्हा केवढं वादळ उठलं होतं! दाक्षिणात्य भाषांत असंच म्हणतात, हा मुद्दा तेव्हा निघाला होता. आपण तर दोन्हींच्या मध्ये राहतो. आपल्याला दोन्ही बाजू पटतात, हीच अडचण.

पण उजळणी गेली, पाढे गेले, पावकी-निमकी तर आमच्याच वेळी शेवटचे श्वास मोजत होती. आज या गावात एक ते नव्वद आकडे मराठीत, मोठ्याने, पुन्हा पुन्हा, आणि ऐकणाऱ्याने जीव कानात आणून ऐकायचे, अशी एकच जागा उरली आहे. ती म्हणजे ही हाऊजी. गोऱ्या शिपायाने बराकीत आणलेला खेळ. चुकला तर कुकर जातो, म्हणून पोरगं एकोणऐंशी आणि एकोणनव्वदमधला फरक शिकतं. शाळेत छडी खाऊनही आम्ही तो इतक्या लवकर शिकलो नव्हतो.

प्रस्ताव मांडणाऱ्यांची तक्रार मात्र खरी आहे, ती टाळून चालणार नाही. तीन वर्षांपूर्वी आपल्यातल्या एका सूनबाईंचं, माहेर तेलुगू, एकच घर बाकी होतं, 79 चं. पुकारलं एकोणऐंशी. त्यांनी ऐंशीचं काहीतरी म्हणून सोडून दिलं. दोन पुकाऱ्यांनी दुसऱ्याच कोणी कुकर नेला. त्या हसल्या, पण पुढच्या वर्षी खेळायला बसल्या नाहीत, स्वयंपाकाकडे थांबल्या. तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आलं नाही. या प्रस्तावावर पहिली सही त्यांची आहे, ती वाचली तेव्हा लक्षात आलं. आपल्या घरात आलेल्या माणसाला आपल्याच मांडवात परकं वाटावं, आणि वर आपण त्याला भाषाप्रेम म्हणावं, हे बरं नाही. इथे राहताना तेलुगू लोकांनी आपल्याशी असं वागलेलं आपल्याला आवडलं असतं का?

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. अ‍ॅप नको. आकडा मराठीत पुकारावा, सावकाश, दोनदा. लगेच तोच तेलुगूत पुकारावा. आणि शेजारच्या फळ्यावर तो मोठ्या अंकात लिहावा. वेळ दीडपट लागेल. लागू द्या, आपल्याला कुठे गाडी पकडायची आहे? तेलुगूत पुकारायला आम्ही त्याच सूनबाईंना विचारलं. त्यांची अट अशी की मराठीतले सगळे आकडेही त्याच पुकारणार, आणि कोणी मध्ये दुरुस्त करायचं नाही. गेले आठ दिवस त्यांच्या सासूबाई त्यांच्याकडून उजळणी करून घेत आहेत. त्र्याऐंशीला अजून अडतात असं कळलं.

प्रस्तावावर मत उद्या आरतीनंतर घेऊ. त्यानंतर लगेच हाऊजी आहे. तिकिटं घरटी दोनच मिळतील, चिंचोके प्रत्येकाने घरून आणायचे आहेत, आणि पंख्याखालच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांची तक्रार ऐकली जाणार नाही.