साहाय्याचा रकाना
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



फुटबॉलचा आणि आपल्या मंडळाचा काय संबंध, असे आपणांस वाटेल. पण मला बोलायचे आहे ते त्या खेळाच्या हिशेबाविषयी.

अमेरिकेत चॅपेल हिल येथे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ आहे. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी स्त्री-पुरुष भेद करू नये, असा कायदा त्या देशात १९७२ साली झाला. पुढे १९७९ मध्ये या विद्यापीठात मुलींचा संघ उभा राहिला. १९८६ ते १९९४ अशी ओळीने ९ वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद त्याच्याकडे होते. २०२४ पर्यंत अशी २२ पदे झाली.

या संघाची मिया हॅम १९८९ ते १९९३ या काळात खेळली. तिच्या नावापुढे १०३ गोल आहेत आणि ७२ साहाय्ये. गोलाला २ गुण, ज्या पासवर गोल झाला त्याला १, एकूण २७८. म्हणजे चेंडू पायाशी आणून देणारीही तेथे वहीत चढते!

आपल्या अहवालात व्याख्यात्यांची नावे असतात. सतरंज्या घालणाऱ्या, दारोदार वर्गणी मागणाऱ्या भगिनी मात्र कोठेच नसतात. त्या नसत्या, तर व्याख्याने झाली असती का? चिटणीसबाईंनी यंदापासून त्यांच्यासाठी एक रकाना आखावा, अशी माझी विनंती आहे.