माथ्यावरून हाक



तुम्ही छंदाबद्दल बोलायला सांगितलंत. माझा जरा विचित्र आहे. ऐन थंडीत पाठीवर रेडिओ, बॅटरी आणि अँटेनाची काठी घेऊन मी डोंगर चढते, आणि माथ्यावरून अनोळखी माणसांना हाक मारते. याला हौशी रेडिओ किंवा हॅम रेडिओ म्हणतात.

गेल्या जानेवारीत बारी गावातून कळसूबाईवर गेले. उंची १६४६ मीटर. व्हीएचएफ लहरी साधारण सरळ रेषेत जातात. म्हणून घरातून पलीकडच्या गावापर्यंतही न पोचणारा पाच वॅटचा संच इथून शंभर किलोमीटरवर ऐकू जातो. पण वारा माईकमध्ये घोंघावतो, बोटं बधिर होतात. गारठ्यात बॅटरी लवकर मान टाकते, ती मी स्वेटरच्या आत पोटाशी ठेवते.

पहिलंच उत्तर आलं, "सेट कोणाचा? मिस्टर आहेत का जवळ?"

या मंडळींत पंधरा वर्षांचा पोरगा 'ओल्ड मॅन' आणि सत्तरीची आजी 'यंग लेडी'! हसा, मीही हसते. पण त्या दिवशी हसू आलं नाही. परीक्षा मी दिली आहे. आमच्या सातबाऱ्यावर माझं नाव नाही, घरावर नाही. या परवान्यावर मात्र फक्त माझंच आहे.

बारीच्या ताई सोबत होत्या. म्हणाल्या, "बाई, काठी मी धरते, तुम्ही बोला."

मी व्हीयू३ने सुरू होणारं माझं कॉलसाइन पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर. थोडा वेळ नुसती खरखर. मग त्यांनी रिपोर्ट दिला : पाच-नऊ. म्हणजे आवाज स्वच्छ आणि खणखणीत येतोय.