आजाऱ्याला पाहणें आणि आजाऱ्यापाशीं बसणें



मोबाइलवरील खेळ हे शब्द कानीं पडतांच सुशिक्षित घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. मुलांचा वेळ जातो, डोळे बिघडतात, अभ्यास मागें पडतो, ही तक्रार आपल्या परिचयाची आहे आणि तींत तथ्यहि पुष्कळ आहे. परंतु आज मी ज्या खेळाविषयीं बोलणार आहें, त्याचा विषय आहे एका लहान मुलाचा प्राणघातक आजार. तो खेळलेल्या लोकांनीं जीं मतें जाहीरपणें मांडलीं, त्यांत मोठा मतभेद आहे. त्या मतभेदाचा विचार केला असतां, आपण आपल्या घरींदारीं आजाऱ्याशीं कसें वागतों यावरहि कांहीं प्रकाश पडेल, असें मला वाटतें.

प्रथम खेळाची हकीकत. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांतल्या रायन व एमी ग्रीन या दांपत्याचा जोएल हा मुलगा. तो एक वर्षाचा असतांना त्यास मेंदूचा कॅन्सर असल्याचें निदान झालें. हातीं थोडेच महिने आहेत, असें डॉक्टरांनीं सांगितलें. तरीहि तो आणखी चार वर्षें जगला आणि मार्च २०१४ मध्यें वारला. तो हयात असतांनाच आईबापांनीं सहकाऱ्यांच्या मदतीनें त्याच्या आजारावर एक खेळ रचावयास घेतला होता. 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' या नांवाचा तो खेळ १२ जानेवारी २०१६ रोजीं, म्हणजे जोएलच्या जन्मदिवशीं, प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीं आयफोन व आयपॅड यांवरहि आला. तो पुरा करण्यास सुमारें दोन तास लागतात. ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेनें २०१७ सालीं त्यास नावीन्याबद्दलचा पुरस्कार दिला.

या दोन तासांत खेळणारा काय करतो? तो तळ्याकांठीं बदकांना पाव घालतो, जेथें डॉक्टर वाईट बातमी सांगतात त्या खोलींत बसतो, इस्पितळांत हिंडतो. एका प्रसंगीं रात्रीची वेळ आहे. मूल तहानेनें व्याकुळ होऊन रडत आहे, पण पोटांत कांहीं ठरत नाहीं. बाप रस देऊं पाहतो, कडेवर घेऊन झुलवतो. रडणें कांहीं थांबत नाहीं. खेळणाऱ्यानें कांहींहि केलें तरी तें थांबत नाहीं. अशाच एका खऱ्या रात्रींतून या खेळाची कल्पना निघाली, असें रायन ग्रीन यांनीं सांगितलें आहे.

आतां खेळणाऱ्यांचीं मतें पाहूं. पहिला वर्ग गहिंवरलेल्यांचा. ज्यांच्या घरांतून कॅन्सरनें माणूस नेलें आहे, अशा पुष्कळांना येथें आपलें दुःख ओळखणारें कोणी भेटलें. खेळ पुरा करण्यासाठीं लोकांकडून वर्गणी गोळा केली होती. वर्गणीदारांपैकीं अनेकांनीं आपल्या गेलेल्या माणसांविषयीं पत्रें व चित्रें पाठविलीं. तीं खेळांतल्या इस्पितळांत जागोजाग मांडलेलीं आहेत. खेळणारा थांबून तीं वाचूं शकतो. एका घराच्या दुःखांत अशा रीतीनें अनेक घरांचें दुःख येऊन मिळालें.

दुसरा वर्ग म्हणतो, हा खेळच नव्हे. येथें डाव नाहीं, गुण नाहींत. खेळणाऱ्यानें कितीहि कौशल्य दाखविलें तरी शेवट बदलत नाहीं. या आक्षेपाचें उत्तर आपल्या भातुकलींत आहे. भातुकलींत बाहुलीला ताप येतो. चार-पांच वर्षांची पोर तिच्या कपाळावर ओली चिंधी ठेवते, खोटेंखोटें औषध पाजते, 'उगी, उगी' म्हणते. त्या खेळांत कोण जिंकलें, असें आपण कधीं विचारतों काय? दुसऱ्याची काळजी वाहण्याची ती तालीम असते. जिंकण्याहरण्याचे खेळ जसे जुने, तसे हेहि जुनेच आहेत.

तिसरा वर्ग म्हणतो, हें फार खाजगी आहे. ग्रीन दांपत्य ख्रिस्ती श्रद्धेचें. खेळांत प्रार्थना आहे, देवावरचा भरंवसा आहे आणि त्या भरंवशाविषयींची पतिपत्नींमधील ओढाताणहि आहे. ज्यांची अशी श्रद्धा नाहीं, त्यांना आपण परक्या देवघराच्या उंबरठ्यावर उभे आहोंत, असें वाटलें. हा आक्षेप मला प्रामाणिक वाटतो. कांहींना तर खेळ सोसवेना, आणि त्यांनीं तो मध्येंच ठेवून दिला. ताजें दुःख असलेल्या माणसानें तसें केलें तर त्यांत उणेपणा नाहीं. लहान मुलांच्या हातीं हा खेळ एकट्यानें खेळावयास देऊं नये, असेंच मीहि म्हणेन.

चौथा वर्ग निराळाच आहे. या लोकांनीं खेळ विकत घेतला नाहीं. दुसरा कोणी तो खेळत असतांनाचें चित्रण त्यांनीं आरंभापासून अखेरपर्यंत पाहिलें, डोळे पुसले, आणि झालें. चित्रणें लाखों लोकांनीं पाहिलीं. परंतु विक्रीपासून आमच्या हातीं अजून एक डॉलरहि आलेला नाहीं, असें निर्मात्यांनीं मार्च २०१६ मध्यें लिहिलें. पैशाची बाजू सोडून दिली तरी एक प्रश्न उरतोच. शेवट सर्वांना तोच दिसणार असेल, तर पाहणें आणि खेळणें यांत अंतर तें काय?

आपल्या भाषेनें हें अंतर फार पूर्वीं ओळखलें आहे. आजाऱ्याला पाहावयास जाणें निराळें, आजाऱ्याच्या उशाशीं बसणें निराळें. आमच्या मुळशीकडच्या गांवांतून एखाद्यास पुण्याच्या इस्पितळांत नेलें, कीं मिळेल त्या गाडीनें माणसें त्याला पाहावयास जातात. जाण्यांत माया असते, यांत शंका नाहीं. पण तेथें गेल्यावर काय होतें? अमक्याला हेंच झालें होतें. तमक्या वैद्याचें औषध घ्या. धीर सोडूं नका. अर्ध्या तासांत पाहुणे निघतात. रात्रभर स्टुलावर बसून सलाईनचा एकेक थेंब मोजणारी जी बायको किंवा आई असते, तिला मात्र या बोलण्यांतलें कांहींहि उपयोगीं पडत नाहीं. तिला ठाऊक असतें, कीं आतां करण्यासारखें फारसें नाहीं. आणि तरी ती उठत नाहीं. तें रडणारें मूल खेळणाऱ्याच्या हातीं देऊन हा खेळ त्यालाहि थोडा वेळ त्या स्टुलावर बसवितो. चित्रण पाहणाऱ्याचे हात मोकळेच राहतात.

अर्थात् दोन तासांची ही बैठक खरी नव्हे. कंटाळा आला तर मोबाइल बंद करतां येतो. घरच्या माणसास ती सोय नाहीं. ही मर्यादा ओळखूनच खेळाची किंमत केली पाहिजे.

हाच विषय आपल्याकडे २००४ सालीं संदीप सावंत यांच्या 'श्वास' या चित्रपटानें मांडला. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळविणारा हा दुसराच मराठी चित्रपट. नातवाच्या डोळ्यांना कॅन्सर आहे; जीव वांचवावयाचा तर दृष्टि जाणार. शस्त्रक्रियेपूर्वीं मुलास खरें सांगितलें पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह. आजोबांना रोग हटवितां येत नाहीं. पण ते नातवाला घेऊन इस्पितळांतून बाहेर पडतात आणि डोळे आहेत तोंवर एक दिवस त्याला जग दाखवितात. कोलोरॅडोंतला बाप आणि कोंकणांतला आजोबा यांची एकमेकांशीं कधीं गांठ पडली नसती. पण जेथें उपाय संपतो तेथें सोबत संपत नाहीं, हें दोघांनाहि कळलें होतें.

खेळ आवडो वा न आवडो, पुढच्या वेळीं कोणास पाहावयास जाल तेव्हां एवढें करून पाहा. औषधें सुचवूं नका, दुसऱ्यांच्या आजारांच्या कथा सांगूं नका. रात्रभर जागलेल्या त्या माणसास म्हणा, 'तुम्ही अंघोळ करून, चार घांस खाऊन या. तोंवर मी बसतों.' आणि तें माणूस परत येईपर्यंत खरोखर बसा.