म्हातारे मांजर आणि त्याची झोप

मांजर मुळातच झोपाळू. दिवसाचे १२ ते १६ तास ते झोपेत घालवते. पण दहा-बारा वर्षांचे झाले, की या झोपेची घडी विसकटू लागते. दिवसभर उबेला पडून राहायचे आणि घर निजले, की ओरडत हिंडायचे! आपण म्हणतो, “म्हातारे झाले बिचारे, चालायचेच!”

इथेच जरा थांबा. म्हातारपण हा रोग नव्हे. पण रोग त्याच्या आडोशाला लपतात. खाणे वाढूनही अंग वाळत चालले, तर गळ्यातील थायरॉइड ग्रंथी बिघडलेली असू शकते. मांजरांतील हा विकार १९७९ च्या सुमारास अमेरिकेत ओळखला गेला. आज त्यावर औषध आहे. पाणी फार पिऊ लागले, तर मूत्रपिंडे तपासून घ्यावीत. फळीवर उडी मारणे सोडले, तर सांधे दुखत असतील. कधी रक्तदाब वाढतो, तर कधी माणसासारखाच विसराळूपणा येतो.

तेव्हा त्याला गुरांच्या डॉक्टरांना दाखवा. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मात्र मुळीच देऊ नका; मांजराला ती विषच आहे. अंथरूण जमिनीलगत, उबदार जागी घाला. आणि झोपमोड झाली म्हणून त्याच्यावर चिडू नका. दुखणे सांगायला त्याच्यापाशी ओरडण्यावाचून दुसरे आहे काय?