वहीतली चूक आणि लॅपटॉपमधली खिडकी

(प्रभाग संघाच्या सभेत एका गटाच्या सचिव ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला सांगितलंय की कॉम्प्युटरवर काय केलंस ते बोल. मी बारावी झालेली बाई, गटाची वही लिहिते. तेवढंच समजून ऐका.

मागच्या पावसाळ्यात भात लावून झाला आणि घरात पुतण्याचा जुना लॅपटॉप पडून होता. त्याला म्हटलं, वहीतलं व्याज यावर करता येईल का? तो म्हणाला, काकू, पायथन शिक. मी म्हटलं, अजगर कशाला! तर त्या नावाचा सापाशी संबंध नाही. नेदरलँड्सच्या खिदो व्हान रॉसम यांनी ही भाषा केली आणि एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून तिचं नाव ठेवलं. लोकांसमोर ती आली १९९१ साली. नाबार्डनं बचत गट बँकेला जोडायला सुरुवात केली १९९२ ला. म्हणजे गट आणि पायथन जवळजवळ एकाच वयाचे. आणि पायथन फुकट आहे, एक रुपया लागत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर मराठीतून कॉम्प्युटरचे धडे आहेत, तेही फुकट.

मला खिडकी पाहिजे होती. म्हणजे काळ्या पडद्यावर अक्षरं नकोत. मोठं बटण, मराठी अक्षरं, गोल करून बसलेल्या बायांना लांबून दिसेल असं. पायथनसोबत टीकेइंटर नावाचं सामान येतं, त्यात हे सगळं असतं. पाटी म्हणजे लेबल, आकडा लिहायची चौकट म्हणजे एंट्री आणि बटण. शेवटी मेनलूप अशी एक ओळ लिहायची. तिच्यामुळं खिडकी उघडी राहते आणि कोणी बटण दाबतंय का याची वाट बघत बसते. मी ती विसरले होते. खिडकी लुकलुकायची आणि गायब. दोन दिवस मला वाटलं लॅपटॉप बिघडला.

चुका खूप झाल्या. चारसूत्री लागवडीत आपण दोरी धरतो ना, तशी इथं ओळ डावीकडून सारख्या अंतरावर लागते. जरा इकडं तिकडं झाली की लाल अक्षरांत ओरडा. बटणाचं तर अजून हसू येतं. बटणाला सांगायचं असतं की तुला दाबलं की हिशोब नावाचं काम कर. तिथं नुसतं नाव द्यायचं. मी नावापुढं कंस टाकला. कंस टाकणं म्हणजे आत्ताच हाक मारणं. मग खिडकी उघडण्याआधीच हिशोब उरकला आणि नंतर बटण कितीही दाबा, ढिम्म.

आणि ही ऐका. बचत २००, दंड ५०, बेरीज आली २००५०! चौकटीत लिहिलेलं पायथनला आकडा वाटत नाही, अक्षरं वाटतात. म्हणून त्यानं एकापुढं एक चिकटवली. त्याला आधी 'याचा आकडा कर' म्हणून सांगावं लागतं. एक गंमत मात्र सापडली, आपले मराठी आकडे टाकले तरी त्याला कळतात.

आता खरी गोष्ट. आमच्या गटाचा नियम आहे, व्याज महिन्याला शेकडा १, तेही शिल्लक मुद्दलावर. एका मावशींनी १०,००० घेतले होते, महिन्याला १,००० मुद्दल फेडून दहा महिन्यांत संपवले. मी त्यांचं पान खिडकीत टाकून बघितलं. व्याज आलं ५५०. वहीत होतं १,०००. मला वाटलं माझा प्रोग्राम चुकला. रात्री पाटी घेऊन बसले. पहिल्या महिन्याला १००, मग ९०, मग ८०, असं शेवटी १०. बेरीज ५५०च. म्हणजे वही चुकली होती. वही लिहिते कोण? मीच. दहाही महिने मी पहिल्या रकमेवरच १०० लावत गेले होते. मावशी अंगठा करतात, त्यांनी कधी विचारलं नाही. माझ्यावर विश्वास होता.

खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी गप्प राहिले. कोणाला कळणार होतं? पण मावशींनी त्यातले दोन हप्ते कोंबड्या विकून भरलेले, ते मला माहीत होतं. पुढच्या बैठकीत लॅपटॉप मधे ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं. मावशींनाच म्हटलं, बटण तुम्ही दाबा. त्यांनी पदराला बोट पुसून दाबलं. आकडा आला. अध्यक्षा ताईंनी ठराव लिहून घेतला आणि ४५० रुपये गटातून परत दिले. मावशी मला काही बोलल्या नाहीत. शेजारची मात्र लगेच म्हणाली, "आता माझं पण पान लाव." मग प्रत्येकीचं लावलं. आणखी एकीचं चुकलेलं निघालं, तिच्याकडून ६० रुपये कमी घेतले होते. तिनं ते तिथंच भरले, कुरकुरत.

वही मी सोडलेली नाही. आपल्याकडं पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि त्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली आहे. एकदा चार महिन्यांचे आकडे भरले आणि लाइट गेली, सगळं पुसलं. खिडकीत लिहिलेलं फाइलमध्ये ठेवायला सांगितलं नाही तर राहत नाही, हे तेव्हा कळलं. आता बटण दाबलं की फाइलमध्ये ओळ जाते. मराठी नावं आधी जातच नव्हती, त्यासाठी यूटीएफ-८ असं लिहावं लागतं. नावं अजून टाकते तेव्हा धाकधूक होतेच. आणि हप्ता चुकला तर पुढं काय, हे अजून माझ्या प्रोग्रामला येत नाही. तेवढं हातानं करते.

पुढच्या सभेला मी लॅपटॉप घेऊन येते. ज्या गटांना पान तपासायचंय त्यांनी वही आणि कर्जाचा ठराव दोन्ही आणा. व्याजाचा नियम ठरावात असतो, तो बघितल्याशिवाय मला आकडा टाकता येत नाही.